खलनायकानं जाब विचारला पाहिजे

२०१८ च्या एप्रिलअखेरीस ठाण्याच्या एका थिएटरात ‘अ‍ॅव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर’ बघितला. बरोबर भाचा होता, आठवीची परीक्षा नुकतीच संपलेला. शेवटी थॅनोस हा खलनायक विश्वातले निम्मे जीव नाहीसे करायला चुटकी वाजवतो, एकेक सुपरहिरो राखेसारखा विरून जातो, आणि ज्यानं हे केलं तो एका खोपटाच्या पायरीवर बसून शांतपणे सूर्याकडे बघत राहतो. तोवर शिट्ट्या मारणारं पब्लिक एकदम गप्प झालं. पुढच्या रांगेतलं एक लहान पोर रडायला लागलं. जिना उतरताना भाच्यानं विचारलं, “मामा, पण तो चूक काय बोलत होता? माणसं जास्तच झालीयेत ना?”

मी थांबलो. माणसं मारणं वाईट, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं, आणि ते त्यालाही माहीत होतं. त्याचा प्रश्न वेगळा होता. साधनं मर्यादित, तोंडं अमर्याद, हे थॅनोसचं गणित बरोबर की चूक? अडीच तासांच्या चित्रपटात या गणिताला कुणी हात लावत नाही. त्याची मानलेली मुलगी गमोरा एकदा “हे तुला काय माहीत?” असं ओरडते, तेवढंच. टोनी स्टार्क (आयर्न मॅन) आणि ब्रूस बॅनर (हल्क) ही दोन माणसं विज्ञान कोळून प्यालेली, पण तीही फक्त मारामारी करतात. खलनायक एक सिद्धांत घेऊन आला होता आणि त्याला उत्तर म्हणून सगळ्यांनी गुद्दे दिले. माझा आक्षेप आहे तो इथे. सुपरहिरोपटातला चांगला खलनायक कोणता, हा प्रश्न मला तेव्हापासून करमणुकीपुरता वाटेनासा झाला, कारण नववीत जाणारा मुलगा थिएटरातून काय घेऊन घरी जातो हे त्यावर ठरतं.

आधी ते गणितच बघू. २०१८ साली जगाची लोकसंख्या साधारण ७६० कोटी होती. निम्मी केली तर उरतात ३८० कोटी. एवढी माणसं पृथ्वीवर १९७२ च्या आगेमागे होतीच. म्हणजे निम्मं जग मारून थॅनोस आपल्याला नेऊन सोडतो कुठे, तर १९७२ मध्ये. महाराष्ट्राला १९७२ कशासाठी आठवतं हे सांगायला नको. तेव्हा राज्याची लोकसंख्या पाच कोटींच्या घरात होती, २०११ च्या जनगणनेतल्या सव्वाअकरा कोटींच्या निम्म्याहूनही कमी. आणि त्याच वर्षी माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, सुकडी खात होती, मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, दळून भाकऱ्या थापत होती. माझी आजी त्या मिलोच्या भाकरीचा रंग आणि तिचा घशात अडकणारा घास आयुष्यभर विसरली नाही. तोंडं निम्मी होती, तरी ताट रिकामं होतं. पाणी कुणाच्या शेतात गेलं, धान्य कुठे पोचलं, हाताला काम होतं की नाही, यावर ते ताट अवलंबून होतं. तोंडं मोजून भूक कळत नाही.

शिवाय थॅनोसच्या हातात सहा मणी आहेत. काळ, अवकाश, वास्तव, सगळं त्याच्या मुठीत. माणसं निम्मी करण्याइतक्याच सहज तो धान्य दुप्पट करू शकला असता. त्याला ते सुचत नाही, आणि पटकथेतलं एकही पात्र त्याला ते विचारत नाही. पुढच्या वर्षी आलेल्या ‘एंडगेम’मध्ये तर हा सिद्धांतच वाऱ्यावर सोडला. आता थॅनोसला सगळं विश्वच मोडून नव्यानं उभारायचं असतं. वाद जिंकता येत नव्हता म्हणून प्रतिवाद्यालाच वेडा ठरवून टाकलं.

“एवढं काय मनावर घ्यायचं, सिनेमा आहे,” असं मला बरेच जण म्हणतात. मी घेतो, कारण हे वाक्य मी सिनेमाबाहेर रोज ऐकतो. सकाळी आठ-चाळीसच्या गाडीत डोंबिवलीला गर्दीचा लोंढा आत घुसला की कुणीतरी म्हणतंच, “यातली निम्मी कमी झाली पाहिजेत.” म्हणणारा स्वतःला कधीच त्या निम्म्यात धरत नाही. आपल्याकडे या वाक्याचं सरकारी धोरणही झालेलं आहे. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर करणारं विधिमंडळ आपल्याच महाराष्ट्राचं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. पुढे जननदर उतरला तो मुली शिकल्या, जन्मलेली मुलं जगायला लागली तसा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा जननदर १.७ आला आहे. म्हणजे पिढीच्या जागी पिढी उभी राहायला लागतो त्या २.१ पेक्षाही खाली. चुटकी न वाजवता.

हे सगळं त्या चित्रपटात येणं शक्य नव्हतं, हे मला समजतं. पण त्यातल्या एका पात्राच्या तोंडी थॅनोसला थांबवणारा एक प्रश्न घालणं नक्कीच शक्य होतं. तो घातला नाही म्हणून थॅनोस रुबाबदार वाटतो, शांत वाटतो, दूरदृष्टीचा वाटतो. जॉश ब्रोलिनचा आवाज आणि ते थकलेले डोळे विलक्षण आहेत, यात वाद नाही. पण प्रभावी खलनायक आणि चांगला खलनायक यांत फरक आहे, आणि तो मला नीट मांडायचा आहे.

माझ्या लेखी चांगला खलनायक तो, जो नायकाच्या बाजूकडे जाब मागायला येतो. त्याच्याकडे थकलेलं काहीतरी देणं असतं. ते त्याला नाकारलेलं असतं, लपवलेलं असतं, किंवा देणारे सोयीस्कर विसरलेले असतात. वसुलीची त्याची रीत भयंकर असते, म्हणून त्याला थांबवावं लागतं. पण तो हरला तरी देणं बुडत नाही. म्हणून खलनायक पडल्यावर मी एवढंच बघतो, की नायकाला आता काय बदलावं लागलं? चित्रपटाच्या सुरुवातीला होता तसाच तो घरी गेला, तर मध्ये जे आलं ते एक मोठं खडक होतं, बाजूला सारलं आणि रस्ता मोकळा झाला.

यात करुण बालपणाचा संबंध नाही. हल्ली प्रत्येक खलनायकाला एक फ्लॅशबॅक देतात. बाप मारतो, शाळेत पोरं हिणवतात, पावसात आईचं प्रेत असतं. त्यातून त्याची कीव येते. पण कीव येणं आणि उत्तर द्यावं लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची कीव येते त्याच्यासमोर प्रेक्षक वरच्या पायरीवर उभा असतो. जो जाब विचारतो त्याच्यासमोर त्याला खाली उतरावं लागतं.

‘स्पायडर-मॅन: होमकमिंग’ (२०१७) मधला व्हल्चर बघा. एड्रियन टूम्स हा भंगार-मलबा उचलणारा कंत्राटदार. न्यूयॉर्कवर परग्रहावरच्यांचा हल्ला होतो, अ‍ॅव्हेंजर्स लढतात, शहर वाचतं, आणि पडलेला ढिगारा उचलायचं काम महापालिकेकडून याला मिळतं. त्या भरवशावर तो गाड्या घेतो, माणसं लावतो. मग एक दिवस सरकार आणि स्टार्क यांची संयुक्त यंत्रणा येते आणि काम काढून घेते. म्हणजे मोडतोड ज्यांच्या लढाईत झाली, ते उचलायचा पैसाही त्यांनाच. ज्यांनी लहानसहान कंत्राटावर घर चालवलं आहे त्यांना हे परग्रहावरचं वाटणार नाही. माझ्या वडिलांनी वीस वर्षं एका कारखान्यात छोटी वेल्डिंगची कामं घेतली. वरून माणूस बदलला आणि एका दुपारी गेटपास परत घेतला गेला. ते घरी येऊन डबा न उघडता बसून राहिले होते. ते टूम्ससारखे शस्त्रं विकायला गेले नाहीत. पण त्या दृश्यात मायकेल कीटनचा चेहरा बघताना मला तो न उघडलेला डबा आठवला.

याच चित्रपटात गाडीतला तो प्रसंग आहे. पीटर पार्कर, म्हणजे स्पायडर-मॅन, शाळेच्या नाचासाठी आवडत्या मुलीला घ्यायला तिच्या घरी जातो, दार तिचे वडील उघडतात, आणि ते असतात टूम्स. तेच दोघांना शाळेत सोडायला निघतात. पुढे बाप, शेजारी मुलगी, मागे पीटर घामाघूम. मुलगी सहज बोलत जाते, हा असाच मध्येच गायब होतो, पार्टीतून गेला, वॉशिंग्टनलाही नव्हता. आरशात बापाचे डोळे बारीक होत जातात. सिग्नल लाल आहे, गाडी उभी आहे. त्याला एकेक धागा लागतो, तोवर सिग्नल सुटतो आणि हिरवा प्रकाश त्याच्या तोंडावर पडतो. तो निघायचं विसरलेला असतो. मुलगी उतरून गेल्यावर तो मागे वळतो, पिस्तूल दाखवतो, आणि आधी मुलीचा जीव वाचवल्याबद्दल पीटरचे आभार मानतो. मग धमकी देतो. दोन्ही गोष्टी तो मनापासून बोलतो. पंख नाहीत, उडणं नाही, एक मध्यमवयीन माणूस गाडीत बसलाय, आणि त्या अख्ख्या मालिकेतला सगळ्यात भीतिदायक क्षण हाच आहे.

नंतर तो पीटरला सांगतो, की वरच्या लोकांना आपण दिसत नाही, त्यांचे रस्ते आपण बांधतो, त्यांच्या लढाया आपण लढतो, आणि त्यांच्या टेबलावरचं उरलंसुरलं आपण खातो. पीटरकडे याला उत्तर नाही. तो त्याला अडवतो, आगीतून ओढून वाचवतोही. पण शेवटी टोनी स्टार्क नवा सूट आणि अ‍ॅव्हेंजर्समधली जागा समोर ठेवतो, तेव्हा ज्या मुलानं त्यासाठीच जीव टाकला होता तो नको म्हणतो आणि आपल्या गल्लीत परत जातो. टूम्सचं बोलणं त्याच्यात कुठेतरी उतरलं आहे. टूम्सही तुरुंगात विचारलं असता पोराचं नाव सांगत नाही.

‘ब्लॅक पँथर’ (२०१८) मधल्या किलमाँगरचा जाब याहून मोठा. लंडनच्या संग्रहालयात काचेच्या पेटीसमोर उभा राहून तो तिथल्या तज्ज्ञ बाईंना विचारतो, तुमच्या पूर्वजांनी हे योग्य दाम मोजून आणलं का? वस्तू बेनिनमधली म्हणून मांडलेली असते. ब्रिटिश फौजेनं बेनिन शहर खरोखरच १८९७ साली लुटलं, आणि त्या लुटीतले ब्राँझचे नमुने अजून लंडनमध्ये आहेत. आपल्या प्रेक्षकाला हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांच्या उसनवारीवर. ती नेमकी कोणती आणि तिकडे कशी गेली यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण ‘उसनवारी’ हा शब्द वाचताना ज्याला टोचलं, त्याला किलमाँगर कळला.

लुटारू फक्त गोरे नव्हते, हा त्याचा खरा डंख. वाकांडा या आफ्रिकेतल्या काल्पनिक देशाकडे सगळं होतं, धातू, औषधं, विमानं. बाहेर त्यांच्याच रक्ताची माणसं शतकानुशतकं विकली गेली, आणि वाकांडानं दार लावून घेतलं. किलमाँगरच्या बापानं ते दार उघडायचा प्रयत्न केला तेव्हा सख्ख्या भावानं, म्हणजे राजानं, त्याला ऑकलंडच्या एका खोलीत मारलं आणि पोराला तिथेच टाकून तो निघून गेला. त्या राजाचा मुलगा टिचाला हा चित्रपटाचा नायक. गादीवर बसलेल्या टिचालाच्या घराचं हे देणं आहे, आणि ते खुद्द टिचालाला माहीतही नाही.

पण याच चित्रपटावर माझा रागही आहे. किलमाँगरचं म्हणणं फार खरं व्हायला लागल्यावर पटकथा घाबरते. तो स्वतःच्या जोडीदारणीला क्षणाचाही विचार न करता गोळी घालतो. एका वृद्ध सेविकेचा गळा धरून तिला उचलतो. हे प्रसंग त्याच्या स्वभावातून येत नाहीत, आमच्यासाठी येतात. त्याचं पटलं म्हणून अस्वस्थ झालेल्या प्रेक्षकाला हळूच सांगितलं जातं, की काळजी करू नका, हा वाईटच आहे, तुम्हाला त्याच्या प्रश्नाचं काही करायचं नाही. ही युक्ती आता इतकी सरावाची झाली आहे, की चित्रपटातला कुणी अन्यायाबद्दल बोलायला लागला की तो पुढच्या दहा मिनिटांत निरपराध माणूस मारणार हे मला आधीच कळतं. बोलका, संतापलेला, व्यवस्थेला प्रश्न विचारणारा तो खुनी, आणि आहे ते जपणारा तो नायक. हे शेकडो वेळा बघितलेल्या मुलाच्या मनात आवाज चढवणाऱ्या माणसाबद्दल काय बसत असेल? कामगाराबद्दल, मोर्चातल्या बाईबद्दल? मला हे क्षुल्लक वाटत नाही.

तरीही हा चित्रपट अखेर सावरतो, कारण टिचाला बदलतो. पूर्वजांच्या लोकात जाऊन तो बापाच्या तोंडावर सांगतो, तुम्ही सगळे चुकलात. किलमाँगर मरताना म्हणतो, मला समुद्रात सोडा, माझे पूर्वज जहाजातून उड्या टाकून गेले तिथे, कारण बंधनापेक्षा मरण बरं हे त्यांना माहीत होतं. त्यानंतर टिचाला ऑकलंडला जातो, काकाचा खून झाला तीच इमारत विकत घेऊन तिथे वाकांडाचं केंद्र उभं करायचं ठरवतो. दार उघडलं. ज्यानं ते ठोठावलं तो मेला, पण उघडलं.

मग ‘द डार्क नाइट’ (२००८) मधल्या जोकरचं काय, असं कुणीही विचारेल. त्याचं तर कुणीच काही देणं लागत नाही. गालावरच्या जखमांची गोष्ट तो दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा वेगळी सांगतो, म्हणजे भूतकाळ हे कारण म्हणून पुढे करायलाच तो नकार देतो. हीथ लेजरला त्यासाठी मरणोत्तर ऑस्कर मिळालं, आणि अजूनही खलनायक म्हटलं की पहिलं नाव तेच येतं. मला वाटतं जोकर स्वतःचं देणं मागत नाही, पण शहराला जाब मात्र तोच विचारतो. तुमचा चांगुलपणा दिवे आणि पाणी चालू असेपर्यंतचा आहे का? दोन बोटी, एकीवर कैदी, दुसरीवर पांढरपेशे, प्रत्येकीच्या हाती दुसरीला उडवायची कळ. पांढरपेशे रीतसर मतदान घेतात आणि बहुमतानं समोरच्यांना मारायचं ठरवतात. मग कळ दाबायला कुणाचा हात पुढे होत नाही. दुसरीकडे एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याच्या हातातली कळ घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो. थॅनोसला जे मिळालं नाही ते जोकरला मिळतं, उत्तर. तेही बॅटमॅनकडून नाही, बिननावाच्या माणसांकडून. आणि बॅटमॅन जिंकूनही होता तसा राहत नाही. जोकरला शोधायला त्यानं अख्ख्या शहराचे फोन ऐकले, शहराचा आदर्श सरकारी वकील हार्वी डेंट बिघडला हे झाकायला त्याचे खून स्वतःच्या माथी घेतले. एका खोट्यावर शहराची शांतता उभी राहिली.

आपल्याकडे खलनायकांवर प्रेम करायची जुनी सवय आहे. अमरीश पुरींचा मोगॅम्बो १९८७ सालापासून लग्नाच्या मांडवापासून शाळेच्या संमेलनापर्यंत बोलतोय, आणि त्याचा आनंद मलाही आहे. पण तो बेटावर बसलेला बाहेरचा शत्रू, थिएटरात बसलेल्या कुणाचंही त्याच्याशी देणंघेणं नाही. आपल्या भाषेत भस्मासुर आहे, ज्याचं बळ देवानंच दिलेलं असतं आणि मग देवालाच पळावं लागतं. आणि कर्ण आहे. युद्ध संपतं, मेलेल्यांना तिलांजली द्यायची वेळ येते, आणि तेव्हा कुंती सांगते, त्यालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ होता. युधिष्ठिराला जिंकलेलं राज्य नकोसं होतं. विजयानंतर नायकाला इतकं मोडून टाकणारा दुसरा क्षण मला कुठल्याही सुपरहिरोपटात सापडलेला नाही, आणि आपल्या पटकथाकारांच्या तो हाताशी असताना ते परग्रहावरची लेझर आणत बसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

‘मिन्नल मुरली’ हा मल्याळम चित्रपट २०२१ च्या नाताळात आला आणि माझी तक्रार बरीच कमी झाली. केरळातलं एक गाव, एकाच रात्री दोघांवर वीज पडते, दोघांना सारखीच शक्ती मिळते. एक जेसन, शिंपी. दुसरा शिबू, गावानं वेडा ठरवलेला. जेसनला घर आहे, बाप आहे, जीव लावणारा भाचा आहे. शिबूला कुणी नाही, फक्त उषा आहे, जिची त्यानं अर्धं आयुष्य वाट बघितली. गुरू सोमसुंदरम यांनी हा शिबू असा उभा केला आहे, की उषा अखेर त्याच्याकडे येते तेव्हा त्याच्या तोंडावर जे हसू आणि रडू एकदम फुटतं ते बघताना तो खलनायक आहे हे आपण विसरतो. त्यासाठी त्यानं माणसं मारलेली आहेत, हे माहीत असूनही. मग गावकरी जमतात आणि त्याचं घर पेटवतात. आत उषा असते.

हा चित्रपट मी घरी बघितला, मराठी जेवणाची ताटं मांडीवर घेऊन, त्याच भाच्याबरोबर. तो तोवर बारावीत गेला होता. शेवटी जेसन गाव वाचवतो, लोक जयजयकार करतात, नावं सुरू होतात. भाचा ताट हातात घेऊन तसाच बसून होता.

“मामा,” तो म्हणाला, “ते घर ज्यांनी पेटवलं, त्यांना कुणी काही विचारलंच नाही.”